लेकीने पाठवलेलं गवत

एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एक गवताचा व्यापारी राहत होता. नाव गेनूशेठ. पावसाळा सरला की गावाभोवतीची कुरणं कमरेइतकी वाढत. गेनूशेठ गवत कापून घेई, उन्हात वाळवी, यंत्रात दाबून त्याच्या गासड्या बांधी आणि ट्रकने खाली शहरातल्या तबेल्यांना पाठवी. गवताची काडी दातात धरून ती कोणत्या उतारावरची, हे तो सांगत असे. त्यात चूक होत नसे. याचा त्याला अभिमान होता. तो त्याने कधी लपवला नाही.

त्याच्या घराचा पाहुणचारही नावाजलेला. पाहुण्याच्या ताटात साधं काही वाढायचं नाही, हा त्याच्या बापाचा नियम. वाट चुकून आलेल्या माणसालाही तिथे भाकरीवर तूप मिळे. गेनूशेठ म्हणे, "आपण काय वाढलं, यावर लोक आपली किंमत करतात."

त्याला एकच मुलगी होती. मंजुळा. तिने आपलं लग्न आपल्या मनाने ठरवलं. मुलगा चांगला होता, पण बापाने निवडलेला नव्हता. गेनूशेठ मुलीला म्हणाला, "माझ्या गवतावर तू शिकलीस आणि आता मलाच शहाणपण शिकवतेस?" पण लग्नात त्याने काही कमी पडू दिलं नाही. दागिने दिले, भांडी दिली, दारात मांडव घातला, गावजेवण दिलं. मुलगी म्हणाली, "आबा, एवढं कशाला? तुम्ही फक्त मांडवात बसा."

सगळं दिलं. तेवढं दिलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा तो वखारीत गासड्यांची थप्पी लावून घेत उभा होता.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. आई यमुनाबाई फोनवर बोले. गेनूशेठ शेजारच्या खोलीत बसून ऐके आणि ऐकलं नाही असं दाखवी. मंजुळेला मुलगी झाली, ओवी नाव ठेवलं, ती शाळेत जाऊ लागली. हे सगळं त्याला भिंतीपलीकडून कळलं.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर शहरातून परतलेला त्याचाच ट्रक दारात थांबला. दगडू ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या एका हातात पिंजरा होता, दुसऱ्या हातात गोणपाटाची पिशवी.

"मंजुळाताईंनी दिलंय," तो म्हणाला. "जावईबापूंच्या कामासाठी सगळी परदेशी चाललीत. होळीपर्यंत येतील. तोवर ओवीच्या भुरीला सांभाळायचं आहे."

गेनूशेठने पिंजऱ्यात पाहिलं. आत एक लहानसं राखाडी जनावर बसलं होतं. कान उंदराचे, शेपूट खारीचं, अंगावरचे केस कापसाहून मऊ.

"हे काय ध्यान आहे?"

"चिंचिला म्हणतात शेठ. चिंचेशी काही संबंध नाही, मीपण आधी तेच विचारलं. फार लांबच्या थंड डोंगरातलं जनावर आहे. याला उकाडा सोसत नाही, म्हणून तुमच्याकडे धाडलं." मग त्याने पिशवी पुढे केली. "आणि हे त्याचं खाणं. ताई म्हणाल्या, हेच घाला, दुसरं काही नको. आणि तुम्हाला म्हणून सांगितलंय, की गवत जपून निवडा."

गेनूशेठने पिशवी उघडली. आत वाळलं गवत होतं. लांब काड्यांचं, हिरवट, चांगल्या वासाचं. त्याखाली गवत दाबून केलेल्या चौकोनी वड्या होत्या.

"गवताच्या वड्या," गेनूशेठ म्हणाला. "अळूच्या ऐकल्या होत्या." दगडू हसला. गेनूशेठ हसला नाही. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

दगडू गेल्यावर तो यमुनाबाईंना म्हणाला, "बघितलंस? गवताच्या वखारवाल्याला गवत पाठवते. वर सांगते, जपून निवडा. मला."

"जनावर खात असेल गवत, म्हणून पाठवलं असेल."

"टोमणा आहे हा. माझ्या गवतावर शिकलीस म्हणालो होतो ना, ते लक्षात ठेवलंय तिनं."

"तिनं नाही, तुम्हीच ठेवलंय," यमुनाबाई म्हणाल्या.

गेनूशेठने पिशवी उचलली आणि गवत गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकलं. वड्या उकिरड्यावर टाकायला सांगितल्या. मग तो पिंजऱ्यासमोर येऊन बसला. "लेकीच्या घरचं पहिलं माणूस माझ्या दारात आलंय," तो म्हणाला. "त्याला मी गवत घालू? गवत गुराढोरांनी खावं. हा पाहुणा आहे."

भुरीपुढे बदाम आले. काजू आले. मनुके आले. सणाच्या दिवशी केशरी पेढा आला. भुरी पुढच्या दोन पायांत, माणसाने हातात धरावा तसा, मनुका धरी आणि खाई. गेनूशेठ तिच्यासमोर तासन् तास बसू लागला. वखारीत गडी वाट पाहत. हा इकडे मनुके निवडत असे. ज्याने मुलीच्या मांडवात बसायचं टाळलं, तो मुठीएवढ्या जनावरासमोर बसून राही. भुरी त्याच्या बोटाचा वास घेई. मिशा बोटाला लागत. तेवढ्याने त्याला बरं वाटे.

"पाहुणी खूश आहे," तो म्हणे.

पण मार्गशीर्ष सरता सरता पाहुणीची खुशी ओसरली. भुरी कोपऱ्यात बसून राहू लागली. बदाम उचलून टाकून देऊ लागली. तिची हनुवटी ओली दिसू लागली, अंगावरचे केस तिथे चिकटून बसले. हाताला हाडं लागू लागली. पिंजऱ्याचा लाकडी दांडा तिने कुरतडून पांढरा केला होता. तेही तिने सोडलं.

गावात गुरांचे डॉक्टर येत. त्यांना बोलावलं. त्यांनी भुरीला हातात घेतलं आणि परत ठेवलं. "शेठ, मी म्हशीचा माणूस आहे. म्हशीचं मला तिच्या डोळ्यांवरून कळतं. हे मी आज पहिल्यांदा बघतोय. औषध दिलं तर अंदाजानं देईन, आणि अंदाजानं देणार नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारा."

"विचारा की मंजुळेला," यमुनाबाई म्हणाल्या. "फोन काही कुणी पळवलेला नाही."

"काय विचारू? तुझं जनावर माझ्या घरी उपाशी मरतंय, असं सांगू?"

"खरं तेच सांगायचं असतं."

गेनूशेठ उठून गेला. त्याला वाटलं, पाहुणचारातच काही उणं राहिलं असेल. पाहुणीला पितळेच्या ताटलीत वाढत होतो, तेच चुकलं असेल. त्याने शहरातून चिनी मातीच्या वाट्या मागवल्या. नाजूक, निळ्या फुलांच्या. दूध-साखरेत भिजवलेले बदाम त्यांत घालून द्यायचे, असं त्याने ठरवलं.

दोन दिवसांनी लाकडी पेटी आली. त्याने ती ओटीवर फोडली. वाट्या फुटू नयेत म्हणून आत गवत दाबून भरलं होतं. एक वाटी त्याने काढली, पुसली, तिच्यात बदाम घातले आणि पिंजऱ्याचं दार उघडून भुरीपुढे ठेवली.

भुरीने मान वर केली. नाक हललं. ती उठली. बऱ्याच दिवसांनी उठली. गेनूशेठच्या चेहऱ्यावर हसू आलं.

भुरी वाटीला वळसा घालून पुढे गेली. पिंजऱ्याबाहेर आली. अडखळत पेटीपाशी पोचली आणि तिने पेटीतून एक गवताची काडी ओढली. ती दोन्ही हातांत धरली आणि तोंडात घातली. चावायचा प्रयत्न केला. चावता येईना. काडी ओली होऊन खाली पडली. तिने ती पुन्हा उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने ती नुसती हातात धरून ठेवली आणि तशीच बसून राहिली.

गेनूशेठने पेटीतली दुसरी काडी उचलली. सवयीने दातात धरली. मारवेल गवत. पूर्वेच्या उताराचं. त्याच्याच वखारीतून गेलेलं.

बाजूला वखारीत आढ्याला टेकेल एवढं गवत रचलेलं होतं. आणि ओटीवर त्याची पाहुणी एक काडी हातात धरून भुकेली बसली होती.

त्याने दातातली काडी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "यमुने, फोन आण."

यमुनाबाईंनी नंबर लावून दिला आणि त्या मुद्दाम आत गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

पलीकडून मंजुळेचा आवाज आला. "आई?"

"मी आहे."

 ती म्हणाली, "आबा, काय झालं?"

गेनूशेठने उभ्या जन्मात कुणाला न विचारलेली गोष्ट विचारली. "मंजुळा, गवत कसं घालायचं असतं?"

ती हसली नाही. "तिची हनुवटी ओली आहे का?"

"आहे."

"काय खायला घालत होतात?"

"बदाम. मनुके. पेढा."

"आबा, मी गवत पाठवलं होतं."

"म्हशीला घातलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू टोमणा मारलास."

"मला टोमणा मारायचा असता तर दारात येऊन मारला असता," मंजुळा म्हणाली. "तुमचीच मुलगी आहे मी. तिला थंड हवा लागते आणि चांगलं गवत लागतं. दोन्ही माझ्या माहेरी आहे, म्हणून पाठवली. ओवी रडत होती, तेव्हा तिला म्हणाले, माझ्या आबांसारखं गवत कुणाला कळत नाही. भुरी तिथे सुखात राहील."

गेनूशेठने फोन दुसऱ्या कानाला लावला. डोळे पुसायला उजवा हात मोकळा हवा होता.

मंजुळेने समजावून सांगितलं. भुरीचे दात जन्मभर वाढत राहतात. लांब, राठ काड्या चघळूनच ते झिजतात. बदामाने दात झिजत नाहीत आणि गोडाने पोट बिघडतं. आता दात वाढून तोंडात रुतले असतील. आधी जिल्ह्याच्या गावी न्या, तिथे ससे-मांजरं बघणारा डॉक्टर आहे. तो वाढलेले दात घासून कमी करील. मग गवत. पण एकदम काड्या नकोत.

"वाचेल का?" त्याने विचारलं.

"उशीर झालाय, आबा. सांगता येत नाही."

"तू ओवीला काय सांगशील?"

"अजून काही सांगणार नाही. तुम्ही सांगाल ते सांगेन."

त्याच दुपारी गेनूशेठ ट्रकमध्ये दगडूच्या शेजारी बसून निघाला. पिंजरा मांडीवर. दगडू म्हणाला, "शेठ, खाली ठेवा, पाय अवघडतील." गेनूशेठ म्हणाला, "तू रस्ता बघ. खड्डे चुकव." घाट उतरेपर्यंत त्याने पिंजरा खाली ठेवला नाही.

डॉक्टरांनी दात घासून दिले, औषध दिलं. म्हणाले, "तोंडात जखम आहे. खाईल की नाही ते आता तिच्यावर आणि तुमच्यावर."

घरी आल्यावर गेनूशेठ वखारीत गेला. मारवेलची सगळ्यात कोवळी पेंढी त्याने ओढून काढली. एकेक काडी बघून घेतली. कुठे कुसळ दिसलं तर उपटून टाकलं, कारण कुसळ जखमेत रुततं. मग ती पेंढी यमुनाबाईंपुढे ठेवली.

"याचं पीठ करून दे."

"जात्यात? गवत?" यमुनाबाई म्हणाल्या. "एवढंच राहिलं होतं." पण त्यांनी जातं धुऊन पुसून कोरडं केलं. गवत आधी बारीक कातरलं आणि मग दळायला बसल्या. गेनूशेठ समोर बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. शेजारीण डोकावली आणि काही न विचारता परत गेली.

ते हिरवट पीठ कोमट पाण्यात कालवून गेनूशेठने बोटावर घेतलं आणि भुरीच्या ओठाला लावलं. तिने तोंड फिरवलं. त्याने पुन्हा लावलं. तिने पुन्हा फिरवलं. तापट म्हणून गावात प्रसिद्ध असलेला तो माणूस रागावला नाही. "खा बाई," तो म्हणाला. "माझी चूक आहे, तुझी नाही." संध्याकाळी तिने बोट चाटलं.

मंजुळा आता रोज फोन करी. सुरुवातीला बोलणं गवताचंच. पीठ घट्ट की पातळ. किती वेळाने द्यायचं. मग पिठाची भरड झाली. भरडीची कुट्टी झाली, तांदळाच्या कणीएवढी. भुरी कुट्टीतले हिरवे तुकडे वेचून खाई आणि पिवळे तसेच ठेवी. "तुझ्यासारखीच आहे," गेनूशेठ फोनवर म्हणाला. "पोह्यातले शेंगदाणे वेचून खायचीस आणि पोहे ठेवायचीस." मंजुळा म्हणाली, "तुमच्या लक्षात आहे?" तो म्हणाला, "मला काय झालंय न आठवायला?"

कुट्टीनंतर मऊ पानं आली. पानांनंतर बारीक काड्या. नवं काही दिलं की भुरी आधी नुसता वास घेई, आणि दुसऱ्या दिवशी खाई. गेनूशेठने घाई केली नाही. हळूहळू फोनवर इतर बोलणंही येऊ लागलं. एकदा त्याने विचारलं, "जावयाला तिकडचं जेवण मानवतं का?" एकदा ओवी फोनवर आली आणि म्हणाली, "आजोबा, भुरी तुमच्या बाहीत शिरते का? तिला आवडलेल्या माणसाच्याच बाहीत ती शिरते." गेनूशेठ म्हणाला, "अजून नाही." त्या दिवसापासून तो पिंजऱ्यासमोर सैल बाहीचा सदरा घालून बसू लागला.

माघात एका सकाळी ओटीवर कुरकुर आवाज आला. गेनूशेठ बाहेर आला. भुरीने वीतभर लांब काडी एका टोकाने तोंडात धरली होती. काडी आखूड होत होती. थेट शेवटापर्यंत गेली. मग तिने दुसरी उचलली.

"आता वडी हवी होती," तो हळूच म्हणाला. "मंजुळा म्हणाली, दात पक्के झाले की वडी कुरतडायला द्या. मी टाकून द्यायला लावल्या."

यमुनाबाई आत गेल्या. कुरडयांच्या डब्यामागून त्यांनी एक डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. आत सगळ्या वड्या होत्या.

"लेकीनं पाठवलेलं," त्या म्हणाल्या, "उकिरड्यावर टाकायचा माझा जीव झाला नाही."

होळीला मंजुळा आली. बरोबर जावई आणि ओवी. ओवी धावत पिंजऱ्याकडे गेली. भुरी पिंजऱ्यात नव्हती. ओवीचा चेहरा उतरला. गेनूशेठ दारात उभा होता. त्याने उजवा हात पुढे केला. सदऱ्याच्या बाहीतून एक राखाडी नाक बाहेर आलं.

मग त्याने जावयाकडे पाहिलं. म्हणाला, "या. आत या." एवढंच म्हणाला. पण जावयाच्या हातातली पेटी त्याने स्वतः घेतली.

जेवायची वेळ झाली. स्वयंपाकघरात पुरणपोळी होती, श्रीखंड होतं, तळण होतं. घराचा नियम होता. गेनूशेठ वाढायला म्हणून पुढे झाला आणि मुलीच्या पानासमोर येऊन थांबला. हातातलं श्रीखंडाचं पातेलं त्याने खाली ठेवलं.

"मंजुळा," तो म्हणाला, "तुला काय हवंय?"

हे त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं. ती पदराशी चाळा करत राहिली.

"पिठलं-भाकरी," ती म्हणाली. "आणि आबा, तुम्ही उभे नका राहू. बसा."

यमुनाबाईंनी तवा ठेवला. गेनूशेठने पाट ओढला आणि मुलीच्या शेजारी मांडला. तो बसला. जेवणं होईपर्यंत उठला नाही. ओटीवर भुरी वडी कुरतडत होती. तिचा आवाज आतपर्यंत येत होता.

तात्पर्य: आपल्याला शोभेल ते वाढलं तर मोठेपणा आपल्याला मिळतो, भूक समोरच्याची तशीच राहते. म्हणून देण्याआधी विचारावं. विचारण्यात लाज नाही, न विचारण्यात जीव जातो.